स्थलांतराच्या ऊर्जेवर पीएचडी करायची आहे? आधी तुलना ठरवा

एमएस्सीचे निकाल लागले की माझ्या इनबॉक्समध्ये साधारण एकाच साच्यातले मेल यायला लागतात. "मॅडम, मला पक्ष्यांच्या स्थलांतरावर पीएचडी करायची आहे. स्थलांतराला किती ऊर्जा लागते ते काढायचं आहे." मी उलट दोन प्रश्न पाठवते: कुठला पक्षी, आणि कशाच्या तुलनेत? पहिल्याचं उत्तर लगेच येतं. बहुतेकदा रोहित किंवा अमूर ससाणा, कारण त्यांचे फोटो पेपरात छापून येतात. दुसऱ्याचं उत्तर येत नाही. हे टिपण त्या दुसऱ्या प्रश्नाशी अडलेल्यांसाठी. मी स्वतः दक्षिण जर्मनीत, बोडनझे सरोवराच्या परिसरात, थ्रश कुळातल्या पक्ष्यांच्या चरबीवर पीएचडी केली आणि आता पुण्यात विद्यार्थ्यांकडून तेच काम करून घेते. त्यामुळे सल्ले थोडे हट्टी वाटतील, त्याला इलाज नाही.

आधी कागदावर उडवा

विषय सुचला की लगेच पक्ष्याच्या अंगावर लावायच्या नोंदयंत्रांची, म्हणजे टॅगची, कोटेशन्स मागवायची नाहीत. एक कागद घ्यायचा आणि आपला पक्षी त्यावर उडवून बघायचा.

भोरडी घेऊ. मी परभणीकडची, त्यामुळे ज्वारी हुरड्यात आली की थव्याने उतरणारा आणि गोफणीलाही न जुमानणारा पक्षी, एवढीच माझी भोरडीशी जुनी ओळख. पुढे वाचायला लागल्यावर कळलं की हाच पक्षी जर्मनीत झेविझेनच्या माक्स प्लांक संस्थेत विंड टनेलमध्ये, म्हणजे समोरून वारा सोडलेल्या बोगद्यात, उडवून झाला आहे. २००६ साली छापलेल्या त्या कामात भोरड्यांच्या उड्डाणाचा खर्च सुमारे ८ वॅट निघाला, आणि त्यांनी तपासलेल्या वेगांच्या पट्ट्यात वेग वाढवला-कमी केला तरी त्यात फारसा फरक पडला नाही. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. पुस्तकातली थिअरी म्हणते की खूप हळू आणि खूप वेगाने उडणं महाग पडतं आणि मधला वेग स्वस्त. प्रत्यक्ष पक्षी त्या आलेखावर बसेलच असं नाही.

आता आकडेमोड. ८ वॅट म्हणजे सेकंदाला ८ ज्यूल, तासाला २८.८ किलोज्यूल. एक ग्रॅम चरबी जाळली की साधारण ३९ किलोज्यूल मिळतात. म्हणजे तासाला पाऊण ग्रॅमच्या आसपास चरबी. भोरडीचं वजन सत्तरेक ग्रॅम. समजा निघताना तिच्या अंगावर १५ ग्रॅम चरबी आहे. ती झाली २० तासांची. सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर धरले तर एका भरण्यात साडेआठशे किलोमीटर. अल्माटी ते परभणी सरळ रेषेत २,६०० किलोमीटरच्या वर आहे, आणि मध्ये काराकोरम-हिमालय असल्यामुळे खरी वाट त्याहून लांब. म्हणजे वाटेत किमान तीनदा तरी उतरून पोट भरावंच लागणार.

ही आकडेमोड ढोबळ आहे. वारा धरलेला नाही, चरबी कमी होताना पक्षी हलका होतो ते धरलेलं नाही, चरबीबरोबर थोडं स्नायूंचं प्रथिनही जळतं ते धरलेलं नाही. तरी तिने तुमचा विषय बदलून टाकला. "उडायला किती लागतं" याचं उत्तर पाच मिनिटांत, दुसऱ्याच्या मापांवरून निघालं. उरलेला प्रश्न त्या तीन थांब्यांचा आहे: तिथे किती दिवस, काय खाऊन, किती थंडीत?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका गटाने खऱ्या पक्ष्यांवर तपासला होता. मार्टिन विकेल्स्की आणि सहकाऱ्यांनी छोटे थ्रश पकडले, खर्च झालेली ऊर्जा मोजायला त्यांना जड समस्थानिकांचं पाणी टोचलं (ही पद्धत पुढे येते), रेडिओ ट्रान्समीटर लावले आणि रात्रभर गाडीने त्यांच्या मागे जाऊन जिथे पक्षी उतरला तिथे पुन्हा पकडलं. २००३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला निष्कर्ष असा की संपूर्ण स्थलांतराच्या खर्चात प्रत्यक्ष उडण्याचा वाटा २९ टक्केच आहे. बाकी सगळा खर्च मुक्कामांवर. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये पाचपैकी चार प्रकरणं उड्डाणावर असतील तर हा आकडा भिंतीवर लावून ठेवा.

तुलनेशिवाय फायदा निघत नाही

खर्च एका पक्ष्यावर मोजता येतो. फायदा येत नाही. "स्थलांतर केल्याने ऊर्जा वाचली" असं म्हणायचं तर न गेलेल्या पक्ष्याचं काय झालं ते माहीत हवं. म्हणून या विषयात सोन्यासारखे पक्षी कोणते, तर ज्यांच्यात एकाच जातीचे, एकाच बागेतले काही जण जातात आणि काही राहतात.

युरोपातला ब्लॅकबर्ड तसा आहे. आपल्याकडे महाबळेश्वरात दिसणाऱ्या कस्तुराचा हा जवळचा नातेवाईक, शंभरेक ग्रॅमचा. दक्षिण जर्मनीत राडोल्फत्सेलच्या आसपास एकाच झुडपांच्या पट्ट्यात घरटी करणाऱ्या ब्लॅकबर्डपैकी काही शरदात फ्रान्स-स्पेनकडे जातात, बाकीचे तिथेच बर्फात हिवाळा काढतात. त्यांच्या पोटात हृदयगती आणि शरीराचं तापमान नोंदवणारे लॉगर बसवून, जोडीला आपोआप नोंद घेणारे रेडिओ टॉवर उभारून केलेलं काम २०२४ मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये आलं. पीएचडीला बसण्याआधी एवढा एक पेपर शब्द न् शब्द वाचावा असं मी सगळ्यांना सांगते.

त्यातल्या दोन गोष्टी. जाणारे पक्षी निघण्याच्या काही आठवडे आधीच हृदयगती आणि तापमान उतरवायला लागतात. ही बचत इतकी मोठी निघते की पुढच्या उड्डाणाचा खर्च तिच्यापुढे किरकोळ ठरावा. दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक. उबदार ठिकाणी पोचलेल्या पक्ष्यांचा अंग गरम ठेवण्याचा खर्च बराच कमी होतो, पण त्यांचा दिवसाचा एकूण खर्च घरी राहिलेल्यांपेक्षा कमी दिसत नाही. वाचलेली ऊर्जा दुसरीकडे कुठेतरी जाते. कुठे? नव्या जागी सावध राहण्यात, खाणं शोधण्यात, नव्या रोगजंतूंशी लढण्यात? एवढ्या एका प्रश्नावर दोन-तीन पीएचड्या सहज उभ्या राहतील.

आणि याच भागातल्या ब्लॅकबर्डवर २०१७ साली 'ईलाइफ'मध्ये आलेलं काम शेजारी ठेवून वाचा: स्थलांतर करणाऱ्यांची हिवाळा पार करण्याची शक्यता राहणाऱ्यांपेक्षा १६ टक्क्यांनी जास्त निघाली. म्हणजे ऊर्जेचा जमाखर्च सारखाच, पण जगण्या-मरण्यात फरक. फायदा मोजताना किलोज्यूलवर थांबलात तर तो निसटतो. प्रस्तावात ऊर्जेच्या जोडीला टिकून राहण्याचं किंवा पिल्लांचं एखादं तरी माप हवंच, नाहीतर व्हायव्हाला "मग काय?" हा प्रश्न येतो आणि उत्तर नसतं.

महाराष्ट्रात राहून असं करता येईल का? थेट तसंच नाही. आपल्याकडे येणारे बहुतेक पाहुणे सगळेच्या सगळे येतात आणि सगळेच्या सगळे जातात. इथे तुलना दुसऱ्या प्रकारे उभी करावी लागते: एकाच माळावर हिवाळ्यात उतरलेला गप्पीदास हा छोटा पक्षी आणि बारमाही राहणारा त्याचा भाऊबंद, किंवा एकाच जातीचे लवकर पोचलेले आणि उशिरा पोचलेले, किंवा नर-मादी, किंवा पहिल्या वर्षाचे आणि जुने. दोन वेगळ्या जाती घेतल्या तर फरक स्थलांतराचा की जातीचा, हा वाद कायम राहतो. तो कमी करायचा एक नामी मार्ग गप्पीदासांवरच वापरला गेलाय. केनिया, आयर्लंड, ऑस्ट्रिया आणि कझाकस्तान अशा चार ठिकाणचे गप्पीदास एकाच छताखाली, एकाच खाण्यावर वाढवले आणि मग त्यांचा विश्रांतीतला चयापचय मोजला. जागा बदलणं न जाणणाऱ्या केनियाच्या पक्ष्यांचा दर सर्वांत मंद निघाला. कझाकस्तानकडचे गप्पीदास हिवाळ्याला भारतीय उपखंडात उतरतात, तेव्हा आपल्या माळावरच्या पाहुण्याबद्दलही त्यातून काही कळतं.

मोजायचं कशाने

इथे विद्यार्थी सगळ्यात जास्त घोळ घालतात, म्हणून जरा सावकाश.

जड पाण्याची पद्धत आधी. ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ असलेलं पाणी पक्ष्याला टोचायचं, ते अंगात मिसळलं की रक्ताचा थेंब घ्यायचा, एक-दोन दिवसांनी पुन्हा पकडून दुसरा थेंब घ्यायचा. हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे जातो. ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या घटीतला फरक म्हणजे श्वासातून गेलेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावरून ऊर्जा. पद्धत विश्वासाची आहे, पण दोन अटी मोठ्या. ऑक्सिजन-१८ महाग आहे, आणि तोच पक्षी लवकर परत हातात यायला हवा. घरट्याशी बांधलेल्या पक्ष्याला हे जमतं. ज्याला आज रात्री निघून जायचं आहे त्याला पकडणार कसं? शिवाय मिळतो तो एकच आकडा, त्या दीड-दोन दिवसांचा सरासरी खर्च. कुठल्या तासाला काय झालं ते कळत नाही.

तासातासाचं कळायचं असेल तर हृदयगती. ठोके वाढले की रक्तातून ऑक्सिजन जास्त पोचतोय, एवढं साधं तत्त्व. अडचण अशी की ठोके आणि ऑक्सिजन यांचं नातं प्रत्येक जातीत, कधी प्रत्येक पक्ष्यात वेगळं असतं. ते जुळवायला पक्ष्याला बंद डब्यात ठेवून, आत सोडलेल्या आणि बाहेर आलेल्या हवेतल्या ऑक्सिजनचा फरक मोजावा लागतो. एक लिटर ऑक्सिजन म्हणजे साधारण २० किलोज्यूल. पण डब्यात बसलेल्या पक्ष्यावर काढलेलं समीकरण उडत्या पक्ष्याला लावू नका. उडताना हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे जाणारं रक्तही बदलतं. विश्रांती आणि उड्डाण यांची समीकरणं वेगळी ठेवा, आणि उड्डाणाचं समीकरण नसेल तर थिसिसमध्ये "हृदयगती" असंच लिहा, त्याला "ऊर्जा" म्हणू नका. परीक्षक असले की मी हेच पहिलं बघते.

हृदयगतीने काय हाती लागू शकतं याचा नमुना पट्टकादंबांचा. जायकवाडीला आणि भिगवणला हिवाळ्यात दिसतात तेच. मंगोलियात त्यांच्या शरीरात लॉगर बसवले होते, आणि २०१५ साली 'सायन्स'मध्ये आलेलं उत्तर सगळ्यांच्या अपेक्षेविरुद्ध होतं. एकदाच उंच चढून तिथूनच सरळ हिमालय ओलांडायचा, असं हे हंस करत नाहीत. डोंगराच्या उतारांना धरून ते वर जातात, पुन्हा खाली येतात, पुन्हा वर जातात. मिळवलेली उंची घालवणं वेडेपणाचं वाटतं. पण वर हवा विरळ असल्यामुळे तिथे टिकून राहायला पंखांना जास्त काम पडतं, आणि हिशेब केला तर खाली येऊन पुन्हा चढणंच स्वस्त पडतं. नकाशावरच्या ठिपक्यांवरून हे कधीच कळलं नसतं.

तिसरा मार्ग गणिताचा. कॉलिन पेनीक्विक यांचं 'फ्लाइट' हे सॉफ्टवेअर वजन, पंखांचा विस्तार आणि क्षेत्रफळ यांवरून उड्डाणाचा खर्च सांगतं. वापरा, पण शरीराला हवेचा विरोध किती धरला त्या एका आकड्यावर उत्तर केवढं हलतं ते आधी स्वतः बघा. स्वीडनमधल्या लुंडच्या विंड टनेलमध्ये रेड नॉट हे किनाऱ्यावरचे पाणपक्षी उडवले तेव्हा चरबीने जड झालेल्या पक्ष्यांचा खर्च गणिताने सांगितला होता तेवढा वाढला नाही. हे २००१ सालीच छापून आलंय, तरी अजूनही कुणीतरी मॉडेलचा आकडा मोजमाप असल्यासारखा छापतंच.

थंडीचा खर्च काढतानाही तसंच. हवामान खात्याचं तापमान म्हणजे पक्ष्याला जाणवणारं तापमान नव्हे. मोकळ्या आकाशाखाली बसलेला पक्षी आणि दाट पानांत बसलेला पक्षी एकाच तापमानाला वेगवेगळी ऊर्जा जाळतात. 'निशमॅपआर' हे आर या संगणकभाषेतलं पॅकेज वारा, ऊन, पिसांची जाडी हे सगळं धरून हिशेब करतं. शिकायला त्रासदायक आहे, पण शिकाच.

हातातला पक्षी

लॉगर नसेल, पैसे नसतील, तरी जे करता येतं आणि ज्यावर अख्खी पीएचडी उभी राहते ते म्हणजे चरबी बघणं. हे मला सगळ्यांत आवडणारं काम, म्हणून थोडं जास्त लिहिते.

जाळ्यातून काढलेला पक्षी पाठ तळहातात घेऊन, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये हलकी अडकवून धरायचा. छातीवर बोट दाबायचं नाही. पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो. मग स्ट्रॉने किंवा तोंडाने गळ्याखालच्या पिसांवर फुंकर मारायची. पिसं दुभंगतात आणि विशबोनच्या दोन फाट्यांमधली खाच उघडी पडते. कातडी इतकी पातळ असते की आतलं सरळ दिसतं. काहीच साठा नसेल तर खाच खोल आणि गडद लाल, तळाशी स्नायू. थोडी चरबी असेल तर तळाला पिवळसर थर. पुढे खाच सपाट भरते, मग फुगते, मग पोटावरची पिवळी गादी वर सरकून तिला येऊन मिळते, आणि शेवटी छातीचा लाल स्नायूच दिसेनासा होतो. युरोपात याला ० ते ८ असे गुण देतात. छातीच्या स्नायूला वेगळे, ० ते ३: मधलं हाड सुरीसारखं टोचतं की स्नायूत बुडालंय, ते अंगठ्याने हलकं चाचपून.

दोन माणसांचे गुण कधी जुळत नाहीत. एकाचा ४ तो दुसऱ्याचा ५. म्हणून सुरुवातीला दोघांनी एकमेकांना न सांगता तेच पक्षी बघायचे, आकडे लिहायचे, मग ताडून बघायचे, आणि डेटाशीटवर गुण देणाऱ्याच्या नावाचा रकाना ठेवायचा. वजनाच्या शेजारी वेळ हवीच. सकाळी उपाशी पकडलेला आणि संध्याकाळी पोट भरलेला तोच पक्षी वेगळा भरतो. सूर्योदयानंतर किती मिनिटांनी वजन केलं ते लिहिलं नसेल तर तो आकडा जवळजवळ वाया.

पंखाच्या शिरेतून घेतलेलं थोडं रक्त तर आणखी बोलकं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून लाल पेशी खाली बसल्या की वर प्लाझ्मा उरतो. भरपेट खाऊन चरबी साठवणाऱ्या पक्ष्यात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चढलेलं असतं, कधीकधी इतकं की प्लाझ्मा डोळ्यांना गढूळ दिसतो. उपाशी पक्ष्यात साठलेली चरबी जळताना तयार होणारं बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट वाढतं. एकदाच पकडलेल्या पक्ष्यावरून "हा इथे कमावतोय की गमावतोय" हे सांगणारी दुसरी सोपी पद्धत मला माहीत नाही. ठाणे खाडीतला चिखल आणि शेजारचं मिठागर यांत पाणपक्ष्यांना कुठे जास्त कमाई होते, हा विषय याच पद्धतीने सहज होईल, आणि त्या जागांवर बांधकामाचे प्रस्ताव येत असताना त्याचा उपयोगही आहे. पकडल्यापासून रक्त घेईपर्यंतची मिनिटं लिहायची, आणि पक्ष्याच्या वजनाच्या एक टक्क्याहून जास्त रक्त घ्यायचं नाही.

परवानगी, वजन, वेळ

पक्षी हाताळायचा म्हटलं की वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ आला. महाराष्ट्रात अर्ज नागपूरला, प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या कार्यालयात जातो. जोडीला तुमच्या संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी. पक्ष्यांच्या पायात ओळखीच्या कड्या घालायच्या (रिंगिंग) तर मुंबईच्या बीएनएचएसशी, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी, बोला. सालिम अलींच्या पुढाकाराने १९५९ पासून तिथे स्थलांतराचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, जुन्या नोंदी तिथेच आहेत, आणि मुख्य म्हणजे हात तयार असलेली माणसंही तिथेच भेटतात. जाळं लावायला यूट्यूबवरून शिकू नका. नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असतील तर जैविक विविधता अधिनियम २००२ बघा आणि पहिल्याच वर्षी अर्ज टाका. हे सगळं होईतो हंगाम निघून जातो अशी तक्रार सगळेच करतात. मग पहिला हंगाम जाळ्याशिवायच्या कामाला ठेवा, निरीक्षण, खाद्य, हवामान. वाया जात नाही.

टॅग पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत हवा, हा सगळीकडे चालणारा ढोबळ नियम. भोरडीला म्हणजे दोन ग्रॅम. पण वजनापेक्षा हवेचा विरोध जास्त छळतो. पाठीवर बसवलेलं छोटंसं खोकंही उड्डाणाचा खर्च वाढवतं, आणि तुम्ही मोजायला निघालात तो खर्चच. ऊर्जेच्या अभ्यासात टॅग लावलेल्या पक्ष्यांशेजारी नुसती कडी घातलेले पक्षी हवेतच, परतीचा दर ताडून बघायला. पोटात बसवलेल्या लॉगरला हवेचा विरोध नसतो, पण शस्त्रक्रिया लागते, तीही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली शिकून, आणि डेटा मिळायला पक्षी परत यावा लागतो. वर्षानुवर्षं त्याच झुडपात येणारा पक्षी निवडण्याचं हेही एक कारण.

तीन वर्षांच्या फेलोशिपमध्ये शरद ऋतू तीनच येतात. त्यातला पहिला परवानग्यांचा, तिसरा लिखाणाचा. खरा मोजमापाचा हंगाम जेमतेम दीड. याच बेतात बसेल एवढाच प्रश्न घ्या.

आणि आकडेवारी. अर्ध्या तासाला एक नोंद म्हणजे दिवसाला ४८, वर्षाला १७,५२०. एवढ्या ओळी बघून विद्यार्थ्यांना वाटतं आपल्याकडे प्रचंड डेटा आहे. एका पक्ष्याच्या साडेसतरा हजार ओळी म्हणजे एकच पक्षी. शेजारशेजारच्या नोंदी एकमेकींच्या सावल्या असतात. पक्ष्याला रँडम इफेक्ट धरा, म्हणजे एकाच पक्ष्याच्या नोंदी एका गटातल्या आहेत हे मॉडेलला कळू द्या, काळातला परस्परसंबंध मॉडेलमध्ये घाला, आणि हे सगळं फिल्डला जायच्या आधी खोट्या डेटावर चालवून बघा. दहा पक्षी परत आले तर काय दिसेल, वीस आले तर काय दिसेल, ते संगणकावर आधीच कळतं. सराव करायला मूव्हबँक या प्राण्यांच्या हालचालींच्या ऑनलाइन भांडारात इतरांनी खुले केलेले डेटासेट फुकट मिळतात. कुणाचीही वाट न बघता आज रात्रीच एखादा उतरवून घ्या.

गाइडला मेल लिहिताना

परदेशात जायचं असो की इथेच राहायचं असो, मेल एका स्क्रीनवर मावेल एवढाच. "लहानपणापासून पक्ष्यांची आवड" हे वाक्य काढून टाका, ती सगळ्यांनाच असते. त्या गटाचा एक पेपर घ्या, त्यात कुठली गोष्ट मोजायची राहिली ते दोन वाक्यांत लिहा. मग तुमचा पक्षी, तुमची तुलना, आणि वर भोरडीची केली तशी चार ओळींची आकडेमोड, त्यात काय धरलं आणि काय सोडलं यासकट. आकडेमोड चुकली तरी बिघडत नाही. ती केली आहे हे दिसलं की निम्मं काम झालं. गाइड निवडताना त्याच्या प्रसिद्धीपेक्षा त्याच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना एक फोन करा: लॉगर बिघडले तेव्हा पैसे कुठून आले, आणि फिल्डवर गाइड स्वतः येतो का? सीव्ही दोन पानांचा पुरे, आणि रिंगिंगचा अनुभव असेल तर तो पदव्यांच्या वर लिहा.